उशीर

देवीचं लगीन आमच्यामुळं मोडलं,
असं आमच्या घरात सांगतात.
पोथीत नाही. पुजाऱ्यांना विचाराल तर हसतील.
पण आमचा बाप, नारबा गुरव,
मार्गशीर्षातल्या नवरात्रात मला हत्तीखान्यात न्यायचा,
थंडीत कुडकुडत,
आणि दगडांची ओळख करून द्यायचा
सोयऱ्यांची करून द्यावी तशी:
हे हत्ती. ही करवली.
हा नारळाच्या पोत्यावर बसल्या बसल्या पेंगलेला मामा.
आणि तो कोपऱ्यातला, ज्याला तोंडच उरलं नाही,
तो आपला.
पाया पड.

कोकणातून घाट चढून आलेलं वऱ्हाड.
नवरी योगेश्वरी, नवरा परळीचा वैजनाथ,
आंब्याहून पुढं जेमतेम सात-आठ कोस.
मुहूर्त कोंबडं आरवायच्या आतला.
जयवंतीच्या काठाला बैलं सोडली, घटकाभर.
आमच्या माणसानं सनई काढली,
नुसती पत्ती भिजवून बघावी म्हणून,
आणि ललत लागला.
असा लागला की
बैलांचा रवंथ थांबला,
दिवटीवाल्याचं तेल संपलेलं त्याला कळलं नाही,
'चला' म्हणायचं ज्याच्या तोंडात होतं
त्यानं ते गिळलं.
दोन मध्यमांच्या मधल्या फटीत तो शिरला
आणि बाहेर येईना.

मग कोंबडं आरवलं.

दगड होताना दुखलं नसंल, बाप म्हणायचा,
थंडी भरती तसं झालं असंल,
पायापासून वर.

तेव्हापासून आम्ही रोज पहाटे वाजवतो.
माफी म्हणून.
आठ वर्षांचा असल्यापासून मी बापाच्या मागं सूर धरून बसायचो,
गाल फुगवून, श्वास न तोडता,
एकच स्वर.
आत देवीचं न्हाणं,
बाहेर गल्लीत तांबुलासाठी पानं कुटल्याचा आवाज,
ठक ठक, कुठल्याच तालात नसलेला.
कुमारिका ती. तरी विडा रोज.

आता नगारखान्यात मशीन आहे.
लातूरच्या एका व्यापाऱ्यानं दिलेलं, वर त्याच्या आईचं नाव.
बटण दाबलं की दोन दांडकी, एक झांज, दोन घंटा
एकदम सुरू,
मांडणीवरून भांडी पडावीत
आणि पडतच राहावीत तशी.
मला मानधन आहे. त्यातलं निम्मं बटणाचं धरा.
लाईट गेली की माझी पाळी.
लाईट, देवीच्या कृपेनं, पुष्कळ जाते.

परवा कौतिकाला, माझ्या लेकीला, हे सांगत होतो.
मेडिकलला नर्सिंग शिकती,
नाइट करून आलेली, चहा बशीत.
म्हणाली, आबा,
देवीला कुणी विचारलं का?
म्हंजे?
म्हंजे तिला जायचं होतं का परळीला?
मेण्यात बसलेली ती. पडदा तिच्या हाताशी.
एक शब्द बोलली असती तर उठलं असतं वऱ्हाड.
देवी होती ना.

मी पत्ती शोधायला लागलो. खिशातच होती.

मला वाटतं, ती म्हणाली,
पडद्याबाहेर बोट काढून
तिनंच खुणावलं असंल त्याला,
अजून एकदा.
अन् कपावर बशी पालथी घालून झोपायला गेली.

शुक्रवारी परळीची माणसं यायची आहेत, तिला बघायला.
चांगली माणसं. मुलगा थर्मलला आहे,
म्हणजे लाईटीतलाच.
दहापर्यंत पोचतो म्हणाले.

आज पहाटे लाईट गेली.
मी पायऱ्या चढलो, अंधारात, गुडघा धरून.
सूर धरायला मागं कुणी नाही,
तो मनातच धरला.
गाभाऱ्यात समई असणार.
देवी ऐकते का, कशी ऐकते, मला दिसत नाही;
माझी जागा तिच्याकडं पाठ करून आहे.
खालून पुजारी दोनदा खाकरला,
मग म्हणाला, नारबाच्या पोरा, आवर, आरती थांबलीय.

मी दुसऱ्या मध्यमावर होतो.
परत पहिल्याकडं आलो.